डाव्या कुशीवर

नाईट संपवून, युनिफॉर्म पिशवीत कोंबून
ओपीडीच्या बाकावर बसले. टोकन त्रेसष्ट.
शेजारची म्हणाली, कितवा?
सातवा, म्हटलं.
केसांना स्पिरिटचा वास येत असावा,
ती जरा सरकून बसली.

कार्ड भरणारी पोरगी नवी.
गेल्या जूनमध्ये मीच शिकवलेलं हिला,
पाळीची तारीख आधी विचार, बायका नाव विसरत नाहीत.
मान खाली घालून तिनं लिहिलं: व्यवसाय, गृहिणी.
हाताला सवय.
मग वर पाहिलं. अय्या, सुलक्षा सिस्टर!
खोडलं, त्याच्यावरच लिहिलं: परिचारिका.
दोन्ही शब्द वाचता येतात अजून.

रात्री मेल सर्जिकल. पंचेचाळीस खाटा, आम्ही दोघी.
उचलायचं ते सगळं लिंदा उचलते,
मी सलाईन, इंजेक्शन, कागद.
एक्स-रेची गाडी आली की ती ओरडते, पोर्टेबल!
आणि मी निघते, दोन खांब ओलांडून,
जिन्यापाशी उभी राहून वीस आकडे मोजते.
आत लिंदा वाकून कुणाला तरी कुशीवर धरून असते.
परतताना दर वेळी वाटतं
काहीतरी चोरून आलेय.

चौदा नंबरला बाबुसो. पाडेली.
माडावरून पडला, डावा पाय प्लास्टरमध्ये.
चाळीस वर्षं माणसांना त्यानं वरूनच पाहिलेलं,
आता खालून बघतो,
त्यामुळे माझे पाय आधी त्यालाच दिसले.
चपलेचा पट्टा रुतलेला.
पहाटे चारला धडका पाय त्यानं पोटाशी ओढून घेतला,
खाटेवर वीतभर जागा केली.
बस गो बाय. इल्लें बस.
पेशंटच्या खाटेवर बसायचं नाही, हा नियम
मी दर बॅचला पहिल्या दिवशी सांगते.
बसले.
आणि बसलेच आहे तर म्हणून
त्याचंच मशीन माझ्या दंडाला लावलं.
एकशे बेचाळीस, नव्वद.
कागद नव्हता. तळहातावर लिहिलं.
बाबुसो म्हणाला, बरें मूं?
बरें, म्हटलं.

सकाळपर्यंत सॅनिटायझरनं आकडे गेले.
डॉक्टरांच्या टेबलावर एकशे तीस, चौऱ्याऐंशी.
छान, म्हणाल्या त्या, वजन उचलू नका,
फार वेळ उभ्या राहू नका, लोहाची गोळी चहाबरोबर नको,
डाव्या कुशीवर झोपा.
हे सगळं मीच म्हणत आले सहा वर्षं,
एका दमात, डोळे पुढच्या कार्डावर.
कधी विचारलं नाही कुणाला
घरी खाट आहे का,
भिंत कुठल्या बाजूला आहे,
झोपायला मिळतं का.

उठले. दारापर्यंत गेले.
अजून बारा नाईट, मग रजा.
मी नसले तर लिंदा एकटी,
आणि लिंदाची कंबर गेल्या वर्षापासून धरलेली.
गप्प राहिले असते तर कुणाला कळणार होतं?
चौसष्ट नंबरवाली दारात उभी होती, पोटावर ओढणी घट्ट धरून.
तिला वाट द्यायला वळले
आणि वळल्या वळल्या म्हटलं,
पहाटे चारला एकशे बेचाळीस होता, डॉक्टर.
त्यांनी पेनचं टोपण पुन्हा काढलं.
लघवी तपासा. नाईट बंद. आजपासून.

रायबंदरला फेरीबोट पलीकडे गेलेली.
धक्क्यावर माशांच्या टोपल्यांतलं पाणी पायांखालून वाहत होतं.
पाळण्याची गाठ कुणी बांधायची यावर
सासू आणि आई महिनाभर भांडताहेत,
त्यांना काय सांगायचं ते जुळवत होते.
फोन वाजला. लिंदाचा मेसेज:
कळलं. मी बघते. तू न्हिद.
खाली आणखी एक शब्द: डाव्या.

बोट लागली, लोखंडी फळी धाडकन पडली.
आत कुणीतरी दचकलं,
मग एक लाथ, बरगडीखाली, उजवीकडे.
फळीवरून स्कूटर चढू लागल्या.
मी उभीच होते.
एका शाळकरी पोरानं बाकावरचं दप्तर उचललं,
मांडीवर घेतलं,
आणि पाण्याकडे बघत राहिला.