भारोभार

नुगझारला ऐकू कमी येतं,
म्हणून मी प्रश्न वहीत लिहून दाखवते:
ही क्रेन, की स्टेडिकॅम?

तिबिलिसीतलं तळघर. हीटरची एकच तार लाल.
पडद्यावर कुठल्याशा लग्नाचं अंगण, गच्च्यांवर चादरी,
आणि तिसऱ्या मजल्यावरून कॅमेरा खाली येतोय
घाई नसलेल्या कबुतरासारखा.

क्षितिज बघू नकोस, तो म्हणतो, सगळे तेच बघतात.
थांबताना बघ.
क्रेनचा आधी दांडा थांबतो, मग टोक.
लांब लोखंडात निरोप पोचायला वेळ लागतो.
आणि ती फिरते खुंट्याच्या शेळीसारखी,
दाव्याच्या लांबीएवढंच गवत तिचं.

स्टेडिकॅममध्ये पावलं दिसत नाहीत,
चालणारा दिसतो.
झोपलेल्या घरातून कुणी
काठोकाठ भरलेलं पातेलं न्यावं, तसा.
वळणावर थोडा उशीर, उंबऱ्याशी थोडा संकोच.
थांबला की चौकट हिंदकळते,
केसभरच.
आजाऱ्याच्या उशाशी आपण श्वास रोखून बसतो
आणि तरी तो येतोच ना,
तेवढी.

मी लिहिते: मग ही क्रेन. तिसरा मजला आहे.
तो म्हणतो, पुढे जाऊ दे.

कॅमेरा अंगणात टेकतो, टेबलांमधून निघतो,
सुरयांना न शिवता, नाचणाऱ्यांच्या कोपरांखालून
थेट स्वयंपाकघरात,
जिथे नवरी एकटी, जोडे काढून
थंड फरशीवर तळवे टेकून उभी आहे.
तिथवर जाईल अशी क्रेन अजून कुणी ओतलेली नाही.

मागे घे. आणखी मागे. आता एकेक चौकट.
डाळिंबाच्या झाडापाशी थांब.

दहा वेळा बघते. काही नाही.
अकराव्यांदा चित्र टिचभर वर उचललं जातं,
कुणी उसासा टाकावा तसं.

"इथे मी उतरलो."
अंगावर तीस किलोचं यंत्र, खाली मी.
एवढा भार एकदम सुटला असता
तर क्रेनचा दांडा उसळून छपरापार गेला असता.
त्याच क्षणी, तेवढ्याच वजनाचं कुणीतरी
माझ्या जागी बसायला हवं होतं.
आमच्यात जाडं कुणी नव्हतं. वर्षंच तशी होती,
पावासाठी पहाटे चारला रांग.
मग त्सिआला, स्क्रिप्ट सांभाळायची ती,
आणि दिवेवाल्याचा बादरी,
दोघं एकमेकांना मिठी मारून फळीवर चढले.
दोघांचा मिळून एक माणूस झाला.
तरी तीन किलो कमी भरले.
माझा एक पाय जमिनीवर होता, दुसरा फळीवर,
आणि फळीने टाचेखालून मला हलकंच ढकललं.

वहीत मी दोन रकाने आखले होते.
या शॉटपुढे दोन्ही कोरे.

पुढे त्या दोघांचं काय झालं?
हे मी लिहून दाखवत नाही, मोठ्याने विचारते.

नुगझार रीळ पुढे सोडतो.
नवरी पुन्हा जोडे घालते.
आज त्याला अजिबात ऐकू येत नाही.