वजनकाटा

सावद्याच्या वजनकाट्यावर एकवीस वर्षं
केळीच्या गाड्या मोजतोय.
भरली गाडी वजा रिकामी गाडी,
उरला तो माल. पावती फाडायची.
हिशेब इतका सरळ
की झोपेतही चुकत नाही.

फैजपूरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट
उन्हात धरून नोट तपासावी तसा तपासला.
म्हणाले, झोपेभाऊ, साखर वेशीपर्यंत आलीय.
चाला.

मग पहाटे पाचला, ऊन उठायच्या आत,
केळीच्या बागांमधून चिनावलच्या वाटेला.
पहिल्या आठवड्यात विहिरीपाशीच धाप,
गुडघ्यांना जुन्या फाटकाचा आवाज.
कुत्री मागे लागली, मला पळता येईना,
शेवटी तीच कंटाळली.

परतल्यावर काटा सुरू करायचा
आणि साठ टनांच्या त्या लोखंडी फळीवर
मधोमध जाऊन एकटाच उभा राहायचो.
हा काटा दहा-दहानेच बोलतो.
ऐंशी.
शेवभाजीचा तवंग बाजूला सारला, बट्टीवरचं तूप सोडलं.
ऐंशी.
संक्रांत गेली, आखाजी आली, झाडाला झोके लागले.
ऐंशी.

घरी येऊन चिडलो.
कोकिळा कळण्याचं पीठ मळत होती, मान वर न करता म्हणाली,
"काट्याले काय विचारता? पट्ट्याले विचारा."
पट्टा दोन भोकं आत गेला होता.
आणि विहीर कधीच मागे पडली होती,
हे दुसऱ्या दिवशी कळलं, सुकीच्या पुलावर,
जेव्हा मी धाप शोधत उभा होतो,
खिशात किल्ली चाचपावी तशी.

रुबाब तडवी पहाटेच येतो, चुंबळ खांद्यावर टाकून.
दिवसभर डोक्यावर घड,
बागेतल्या ओलीतून ट्रकपर्यंत, एकेक तीस किलोचा.
पोट म्हणून काही नाहीच, पुढूनही पाठच दिसते.
त्याला चालायला कुणी सांगितलेलं नाही.
मला फळीवर बघून हसला,
"शेठ, माल कुठला?"
"घरचाच," म्हटलं. "ये."

दर्ग्याची पायरी चढावी तसा
चप्पल काढून चढला.
शेजारी उभा राहिला. आकडे थरथरले, थांबले.
एकशे तीस.
"यातले माझे किती?"
एकवीस वर्षांत पहिल्यांदा
वजाबाकी जिभेवर अडली.

तेवढ्यात पहिल्या गाडीनं हॉर्न दिला,
आम्ही दोघंही पळत उतरलो.
मी जरा आधी.
त्याला चप्पल घालायची होती.