तांबडी गाय

पहिल्यांदा पडलो तो हेदवीच्या उतारावर.
बावीस वर्षांचा होतो, समुद्र दिसला म्हणून बघितलं.
एवढंच.
वळण संपायच्या आत समुद्र बघू नये,
तो उद्याही तिथेच असतो,
हे कळायला ढोपराची कातडी पुरली.

दुसऱ्यांदा पालशेतच्या पुलाअलीकडे.
मासळीचा टेंपो बर्फाचं पाणी सांडत पुढे गेलेला,
डांबर चकाकत होतं, मला वाटलं ऊन.
गाडी एकीकडे, मी एकीकडे,
पिग्मीची पिशवी उसवून नाणी पार गटारापर्यंत.
बायकांनी टोपल्या खाली ठेवून ती वेचली.
कुणी आपल्या कनवटीचं त्यात मिसळलं असेल,
संध्याकाळी पतसंस्थेत हिशेब लावला
तर अकरा रुपये जास्त.
ते कुणाच्या खात्यावर टाकायचे
हे अजून सुटलेलं नाही.

तिसऱ्या वेळी गाय होती.
पोलीस पाटलांना तसं सांगितलं, विम्याच्या माणसाला,
वृंदाला, चिपळूणच्या हाडांच्या डॉक्टरांना:
काळोख पडत होता, गाय आडवी आली.
मागे अनंत भुवड बसलेला.
त्याचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही.
माडावर चढणारा माणूस.
लोकांनी त्यालाही विचारलं.
तो म्हणाला, हो, गाय. तांबडी होती.
एक शिंग मोडकं.

गाय नव्हती.
खिशात फोन थरथरला, मी एक हात सोडला,
नाव वाचायला मान खाली घातली.
नाव वृंदाचं.
येताना मीठ आण, एवढंच सांगायचं होतं तिला.

तीन महिने गाडी पडवीत, वर गोणपाट.
गुडघ्यात पट्टी आणि चार स्क्रू घेऊन
मी एसटीने वसुलीला जायचो.
एसटी वेळणेश्वरला पोचते पावणेबाराला.
तोवर मासळीवाल्या घरी गेलेल्या,
शाळेच्या शिपायाने वीसची नोट पानपट्टीवर मोडलेली.
माणसं पैसे साठवतात
ते सकाळी कुणीतरी दारात उभं राहतं म्हणून.
सात खाती बंद झाली.

वृंदा म्हणाली, विकून टाका ती.
गॅरेजवाला दिलावर म्हणाला, पुढचा चिमटा सरळ केलाय,
तुमचं तुम्ही बघा.
शृंगारतळीहून एक गिऱ्हाईक आलं,
मिसरूड नुकतं फुटलेलं, पायात स्लीपर.
टाकीवर थाप मारून विचारतो, किती पळते?
मी म्हणालो, द्यायची नाही.
गाडीवर जीव होता असं नाही.
त्या पोराला सांगायला
माझ्याकडे नुसती गाय होती.

त्याच संध्याकाळी चालत अनंतकडे गेलो.
तो अंगणात डाव्या हाताने सुपाऱ्या निवडत होता.
म्हटलं, गाय नव्हती रे.
"म्हायती हाय. मी मागं व्हतो ना."
मग रंग कशाला सांगितलास?
"इचारला म्हणून."
मीही खाली बसलो.
किडक्या एका बाजूला, चांगल्या एका बाजूला,
दिसेनासं होईपर्यंत.

फोन आता बंद करून सीटखाली.
टेंपो पुढे असला तर थांबतो, बिडी ओढतो, जाऊ देतो त्याला.
दिवेलागणीच्या आत घरी.
वृंदाला अजून गायच माहीत आहे,
ते एक राहिलंय.
गाडी कायमची चालवायची की नाही, विचारू नका.
रोज सकाळी गुडघा वाकवून बघतो,
मग किक मारतो किंवा मारत नाही.
पिग्मीत तरी कोण वर्षाचं एकदम भरतं?

काल अनंत म्हणाला, गुहागरला सोड, हात दाखवायचाय.
दुसरं हेल्मेट त्याच्या डोक्यावर ठेवलं,
पट्टा त्याला लागेना, मी लावला.
हेदवीच्या वळणावर डाव्या कानाला खारा वारा लागला.
मी डांबर बघत राहिलो.
मागून तोच सांगत होता,
"भरती हाय.
दोन होड्या.
एक तांबडी."