रेघेला धरून

पहिल्या दिवशी मगदूम काकांनी
माऊसला हात लावू दिला नाही.
डेमीचा कोरा कागद पुढ्यात टाकला :
कडेला अंगठा ठेव. आता उचल.
झाकलं तेवढं मार्जिन.
वाचणाऱ्याची जागा हाय ती, आपली न्हवं.

मग गटर. मी हसले.
हसू नको, बायंडिंगवाला शिवतो तिथं,
अक्षर पडलं की गेलंच.
आणि ब्लीड : जे कापून जाणार
तेही रंगवायचं, तीन मिलिमीटर,
पातं कुणाचं ऐकत नाही.

तालमीची पावतीपुस्तकं,
गूळ अडत्यांच्या डायऱ्या.
फॉन्ट बदलला की 'द्ध' तुटायचा,
नेमका श्रद्धांजलीत.
चष्मा कपाळावर सारून काका जोडत बसायचे.
गेलेल्याला घाई नसती, म्हणायचे.

इंग्रजी अक्षरं रेघेवर बसत्यात,
आपली रेघेला धरून लोंबत्यात.
मी वहीत लिहून घेतलं. कळलं नव्हतं.

पंचगंगा शाहूपुरीत शिरली ती रात्रीची.
ओसरल्यावर भिंतीवर साडेचार फुटांवर
मातकट रेघ,
पट्टी धरून मारल्यासारखी सरळ.
खाली मशीन, प्लेटा,
तीस रीम मॅपलिथो, फुगून एकजीव.

काका बराच वेळ रेघेकडे बघत राहिले.
मग या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत
सुतळी बांधली.
सुटे निघाले तेवढे कागद
आम्ही चिमट्यांना लावले :
कुणाचं लग्न, कुणाचं उत्तरकार्य,
अर्धा ऑगस्ट.

दारातून वारं आलं.
अख्खी ओळ हलली,
वरून घट्ट,
खालून मोकळी.