एक हजार दोनशे बारा तास

काणकोणहून आलेला माणूस आधी टायरला लाथ मारतो.
सगळेच मारतात. मीही मारली होती
फोंड्याच्या शोरूममध्ये, नवी चप्पल घालून,
आणि आठवडाभर लंगडलो होतो.

पंचेचाळीस अश्वशक्ती, तीन सिलिंडर.
ना थोर, ना पोर.
रोटाव्हेटर उचलला की पुढून हलका होतो,
म्हणून नाकावर वजनाच्या चार पाट्या.
प्रेमावती त्याला जावई म्हणते:
सावलीत बसतो, तेलाशिवाय हलत नाही,
आणि रुसतो तो नेमका चवथीच्या आठवड्यात.

मी एकतीस वर्षं फेरीबोटीच्या पोटात होतो,
नार्वे ते दिवाड, दिवाड ते नार्वे.
नदी फारशी पाहिली नाही, ऐकली.
इंजिनाचा सूर एवढासा उतरला
की हातातला घास हातात थांबायचा.
निवृत्तीचे पैसे आले तेव्हा मुलगा म्हणाला, फ्लॅट.
मी म्हणालो, घर फार गप्प झालंय.

"तक्रार काय?" तो विचारतो.
आहे, लपवत नाही.
खाजनातला खारा चिखल पाती खातो,
दर हंगामाला नवा संच.
क्लच प्लेट एकदा बदलली, ती भाच्याच्या कृपेनं,
पेडलवरून पाय काढतच नाही, जणू कुणी चोरून नेईल.
लिफ्ट सकाळी आळसावते,
तिला दोन मिनिटं द्यायची, शिव्या देऊन उपयोग नाही.
डिझेल? कोरड्यात साडेतीन लिटर तासाला.
चिखलातलं विचारू नका.

तो वाकून मीटर वाचतो. एक हजार दोनशे बारा.
"खरा ना?"

खरा.
फक्त एक रात्र कमी आहे.

आषाढातली अमावास्या, कायतानचा कुणगा,
मानशीला अगदी लागून.
मी म्हटलं, इथं पाय रुततोय.
तो म्हणाला, "घट आसा रे, यो!"
लोखंडी चाकं फिरली, फिरली,
आणि डावं बसलं एक्सलपर्यंत,
पंगतीला पाटावर बसावं तसं, निवांत.
इंजिन बंद केलं.
तेव्हा पाण्याचा आवाज आला.

मानशीची एक फळी कुजलेली.
भरती दोन वाजता.
खारं पाणी एअर फिल्टरपर्यंत चढलं तर
हे वाक्य कुणीच पुरं केलं नाही.

मिंगेल मानस राखायचा. सत्तरीचा.
आमच्या बोलण्यात नऊ वर्षं खंड होता,
फेरीच्या रांगेतली एक सायकल, जाऊ दे ते.
तो टॉर्च दातात धरून उतरला,
फटीत पेंढा कोंबला, चिखल कोंबला,
मग अंगावरची कांबळ,
आणि फळीला पाठ लावून बसला.
मी ट्रॅक्टरवर, तो पाण्यात,
मध्ये पन्नास हात काळोख.
तीनच्या सुमाराला काळोखातून आलं:
"ते सायकलीचो ब्रेक म्हजोच खराब आशिल्लो."
मी म्हटलं, ठाऊक होतं.
मग उजाडेपर्यंत कुणी बोललं नाही.
बोलण्यासारखं संपलं होतं, चांगल्या अर्थानं.

पाणी पायरीच्या चार बोटं खाली थांबलं.
सकाळी माडाची खोडं, चुडतं, गावातली अकरा माणसं,
तिसऱ्या हिसक्याला जावई उठले.
मिंगेलनं पैसे घेतले नाहीत. कांबळ मात्र
नवीच घेतली, आणि महाग.

इंजिन बंद असलं की मीटर झोपतो.
म्हणून ते तास त्यात नाहीत.

काणकोणकर मान डोलवतो, किंमत सांगतो.
किंमत वाईट नाही.
मी म्हणतो, एकदा चालू करून ऐका.
किल्ली फिरते, एक खोकला, मग सूर लागतो,
स्वच्छ, थोडा घोगरा, तिसऱ्या सिलिंडरला किंचित लाड.
तो फोनवर बोलत बोलत
पुन्हा टायरला लाथ मारतो.

स्वयंपाकघरातून हाक: "जावई चालले का?"

मी उत्तर देत नाही. इंजिन चालू ठेवतो.
मीटरचा शेवटचा लाल आकडा
हळूच एक घर पुढे सरकतो.