पाय पाण्यात

सात वर्षं ताडपत्रीखाली होतं,
माहूलच्या आमच्या घरामागे, भिंतीला डोकं टेकून.
आठ हॉर्सपॉवर, रॉकेलवर चालणारं.
अल्युमिनियमवर खाराचे पांढरे फोड,
पंख्याचं एक पातं मोडलेलं,
ते पीरपावच्या बाजूला कुठेतरी गाळात असेल.

होडी विकली तेव्हा घेणारा म्हणाला,
इंजिन नको, माझं नवं आहे.
पपांनी वाद घातला नाही.
जत्रेत झोपलेलं पोर आणतात तसं
खांद्यावर टाकून घरी आणलं.
त्यानंतर खाडीचा विषय
आमच्याकडे निघाला नाही, मासळी रोज शिजली तरी.

लाडकूमावशी पहाटे गोणपाटात बर्फाची लादी गुंडाळून
मोगरीने फोडायची.
उजव्या मनगटाला जुन्या लुगड्याची पट्टी.
एकदा मोगरी सुटून पायावर पडली,
तेव्हा ती रडली नाही, मलाच शिव्या दिल्या:
आयटीआय केलंस ना गो? मग?

मग मी ताडपत्री काढली.
धुराच्या नळीत कुंभारमाशीने घर बांधलेलं,
आत वाळलेला कोळी, पाय मिटून.
प्लग काळा, कॉइल धड.
पाणी ओढणारं रबरी चाक दगड झालेलं.
ते मिळेना. ससून डॉकचा दुकानदार हसला,
या मॉडेलची माणसंसुद्धा आता मिळत नाहीत, म्हणाला,
आणि तिसऱ्या खणातून एक काढून दिलं.
गोवंडीच्या सोहनलालने वरच्या चाकावर पुली बसवली,
एका पिंपाला आतून खिळ्यांचे दात लावले,
दोघांमध्ये पट्टा.
पंखा मी सोडवून ठेवला. जमिनीवर त्याला काय काम?

दोर ओढायला हात घातला
आणि घरातून टीव्हीचा आवाज बंद झाला.
"थांब. कोरडं चालवशील तर मरंल ते.
पाय पाण्यात होवेत त्याचे."

सात वर्षांत त्याच्याबद्दलचं पहिलं वाक्य.

निळा ड्रम आला. काठाला फळी ठोकली,
फळीला इंजिन, होडीच्या पाठीला लावतात तसंच.
पाय बुडाला. ड्रमभर नळाचं पाणी,
जन्मात पहिल्यांदा गोडं.
सातव्या ओढीला ते खोकलं,
अकराव्याला बोललं,
आणि गल्लीतली सगळी कुत्री खाडीकडे पळाली,
जुनी, ज्यांना त्या आवाजामागून येणारी बोंबलं आठवत होती.

लादी आत, चुरा बाहेर. टबाला दहा रुपये.
वितळलेलं पाणी पन्हळीतून परत ड्रममध्ये.
एवढं थंड पाणी त्याला
भर समुद्रातही मिळालं नसेल.
मावशीने मनगटाची पट्टी सोडली नाही अजून,
सवय आहे म्हणते.

एकच अडचण राहिली.
वेग हँडलच्या मुठीत. कोणीतरी ती धरून बसायला लागतं.
पपा बसतात.
स्टुलावर तिरके, डावा हात मागे मुठीवर,
डोळे समोर, म्हणजे घोसाळकरांच्या संडासाच्या भिंतीवर.
लादी कडक लागली की मूठ पिळतात,
आवाजावरूनच कळतं त्यांना, बघत नाहीत.
आणि मधेच, काही कारण नसताना,
हँडल डावीकडे दाबतात.
अख्खं इंजिन फळीवर वळतं,
ड्रम हिंदकळतो, पट्टा निसटतो,
बायका टब घेऊन खोळंबतात.

"काय झालं पपा?"
"समोर खुंट होता," म्हणतात.

मी पट्टा पुन्हा चढवते.
वळायच्या जागेचा बोल्ट आवळला
की हँडल हलणार नाही. तेरा नंबरचा पाना लागतो.
पाना माझ्या खिशात आहे, गुरुवारपासून.
मावशी ओरडते, गो, बरफ पानी होतंय.