छटाक

हैदराबादहून आंब्याच्या खोक्यात आलं ते,
ट्रकच्या केबिनमध्ये, क्लीनरच्या पायाशी.
माझा रद्दीचा काटा समोर होताच.
एका पारड्यात ते, दुसऱ्यात किलोचं माप.
माप खाली गेलं.
शिवकन्या म्हणाली, ह्याचं नाव छटाक.

तेव्हापासून दर रविवारी, गिऱ्हाईक यायच्या आत,
छटाक पारड्यात बसतो.
आधी मुतायचा. मापं धुवावी लागायची.
आता त्याला वाटत असणार,
दुनियेत प्रत्येकालाच आठवड्यातून एकदा
तोलून घ्यावं लागतं.

वही एकच. सुलट्या बाजूनं उधारी,
उलट्या बाजूनं छटाक:
नऊशे. अकराशे. तेराशे पन्नास.
पाचव्या महिन्यात दात पडले, तांदळाच्या कणीएवढे,
एक सापडला इंग्रजी पेपरच्या गठ्ठ्यात.
मग केस गेले, पाय लांबले,
तोंड कोल्ह्यासारखं निमुळतं.
बायको म्हणाली, फसवलं तुमाला त्या ड्रायव्हरनं,
गावठीच हाय हे, उद्या दारात मावायचं नाही.

जनावरांच्या कॉलेजातले डॉक्टर हसले.
लहान जातीचं लवकर उरकतं, म्हणाले,
दहा महिने, फार तर वर्ष.
धिप्पाड असतात ती दीड-दोन वर्षं वाढत बसतात.
हाडाच्या टोकाशी एक मऊ फट असते,
ती मिटली की झालं.
दोन बोटं धरून दाखवलं त्यांनी:
मधे जागा.
मग जागा नाही.

शिवकन्या सोबत होती.
तिनं विचारलं, अन् माणसाची?
डॉक्टरांनी तिच्या धावायच्या बुटांकडे पाहिलं.
मी जनावरांचा, बाई, एवढंच म्हणाले.

दुकानाच्या चौकटीवर तिच्या खुणा आहेत,
पाचवीपासूनच्या, खिळ्यानं ओढलेल्या.
शेवटच्या चार एकीवर एक,
तिथं लाकूडच खरवडून गेलंय.
पहाटे पाचला किल्ल्याच्या रस्त्यानं धावायची,
येताना लिंबाच्या फांदीला लोंबकळायची,
फांदी वाकली थोडी.

लातूरच्या मैदानावर, भरतीच्या दिवशी,
धावण्याआधी उंची घेतात.
पट्टी खाली आली, डोक्याला टेकली.
दीड सेंटीमीटर.
धावायची पाळी आलीच नाही.
घरी येऊन तिनं बूट माझ्यापुढं ठेवले,
टाका रद्दीत.
मी म्हणालो, बुटाला भाव नाही माय.
गल्ल्याखाली सरकवले.

जुने एक्स-रे येतात दुकानात, किलोवर.
त्या रात्री एक काढून बल्बासमोर धरला.
कुणाच्या तरी लेकराचा हात.
बोटाच्या पेरापेराशी बारीक काळी चीर,
सगळ्या उघड्या.
नाव पुसलेलं, तारीख दिसत होती: एकोणीस वर्षं झाली.
मिटल्या असतील आता.
त्या गठ्ठ्याचा सौदा झाला,
तेवढा एक मी ठेवून घेतला.

छटाक अकराव्या महिन्यात थांबला.
तीन किलो चारशे.
पुढच्या रविवारी चारशे. त्याच्या पुढच्या रविवारी चारशे.
मी मापं तीनदा तपासली.
रद्दीवाल्याच्या काट्यावर अख्ख्या उदगीरचा संशय,
मग माझा का नसावा.
वही आता शिवकन्या लिहिते.
म्हणालो, नुसतं 'तेवढाच' लिही की.
ऐकत नाही. आकडा लिहिते, पुरा,
खाली रेघ ओढते.

परवा पहाटे गल्ल्याखाली बूट नव्हते.
साखळी खुंटीला, छटाक नाही.
साडेसहाला आली दोघं,
तो तिच्या काखेत, जीभ बाहेर,
अर्ध्या वाटेत फतकल मारून बसला म्हणे.
रविवारच होता. ठेवला पारड्यात.
पन्नास ग्रॅम कमी.
लिही, म्हणालो.
ती दम खात होती, कपाळ पुसत होती.
थांबा की, म्हणाली,
आधी पाणी तर पिऊ द्या त्याला.